जुबैलहून बाबांना

जुबैल, सौदी अरेबिया
शुक्रवार

ती. बाबा,
सा. न.

परवा आईने फोनवर विचारलं, "तेलाच्या देशात गेलास, मग प्लास्टिकच्या कारखान्यात कसा?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही. आज सुट्टी आहे, म्हणून लिहितोय. तिला वाचून दाखवा.

तुम्हाला वेगळं सांगायला नको. बॉम्बे हायच्या वायूतलं इथेन-प्रोपेन उरणहून पाइपने नागोठण्याच्या कारखान्याला यायचं, त्यावर तुमची सगळी नोकरी झाली. तेलाबरोबर वायू वर येतोच. इथे दम्मामला 1938 साली तेल लागलं, पण पुढे कित्येक वर्षं तो वायू विहिरीजवळच जाळून टाकत. रात्री वाळवंटात ज्वाळा दिसायच्या, असं आमच्यातले एक वयस्कर सौदी सहकारी सांगतात. ते ऐकताना मला खरंच वाईट वाटलं. केवढं धन नुसतं धूर होऊन गेलं!

1975 च्या सुमारास तो वायू गोळा करायचं ठरलं. बेरी, शेडगम, उस्मानिया इथे वायू वेगळा करायचे प्रकल्प उभे राहिले. 1976 साली त्यातून रसायनं आणि प्लास्टिक बनवायला 'साबिक' ही सरकारी कंपनी निघाली आणि जुबैल या मासेमारीच्या गावाशेजारी अख्खं औद्योगिक शहर वसलं. कारखान्यांना थंड करायला समुद्राचं पाणी कालव्यांतून फिरवतात. ते कालवे बघून तुम्ही थक्क व्हाल.

खरी ताकद त्या वायूतल्या इथेनची. आईला सांगा, ते तापवून फोडलं की इथिलीन मिळतं, आणि इथिलीनपासून प्लास्टिक बनतं. नाफ्था, म्हणजे कच्च्या तेलातून निघणारा पातळ द्रव, फोडला तर शंभर किलोतून इथिलीन जेमतेम तीस किलो, इथेनमधून ऐंशीच्या आसपास. कच्चा माल दारात, तोही असा. पण इथेनमधून प्रोपिलीन, बेंझिन हे दुसरे उपयोगी माल फारसे मिळत नाहीत, म्हणून इथल्या 'सदारा' कंपनीचा क्रॅकर, म्हणजे हा माल फोडणारा प्रकल्प, नाफ्थाही घेतो. मला हे शहाणपणाचं वाटतं. एकाच मालावर विसंबून राहू नये. आपल्याच नागोठण्याला आता अमेरिकेचं इथेन जहाजाने दहेजला उतरून पाइपने येतं, हे तुमच्या वेळी कुणी म्हटलं असतं तर पटलं असतं का?

इथेन फोडायची आमची एक फर्नेस (भट्टी) सध्या डिकोकिंगला, म्हणजे आत साठलेला कार्बन काढायला, बंद आहे. नळ्यांत कार्बन फार लवकर साठतोय. तुमच्या जुन्या वहीत वाफेच्या प्रमाणाबद्दल तुम्ही काहीतरी लिहून ठेवलं होतं. लाकडी कपाटात, वरच्या कप्प्यात बघा. त्या पानाचा फोटो धाकट्याला पाठवायला सांगा.

आईला नमस्कार. गुडघा जपायला सांगा.

तुमचा,
बाळू