नेपल्समधल्या त्या पुणेकर काका-काकूंचे आभार

नेपल्सला पिझ्झेरियाबाहेर भलीमोठी रांग होती आणि आईचे गुडघे फार दुखत होते. आमचं मराठी ऐकून पुढचे काका-काकू वळले. कोथरूडचे! काकांनी आत जाऊन वेटरकडून आईसाठी खुर्ची आणली. आईला दुधाचे पदार्थ बाधतात म्हटल्यावर काकूंनी लगेच मारिनारा सुचवला: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल, चीज अजिबात नाही. लाकडाच्या रसरसत्या भट्टीतून दीडएक मिनिटात ताटात. कडा खरपूस, मधे लुसलुशीत. (ही पिझ्झा करण्याची कला 2017 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.) आईने अख्खा संपवला.

काका-काकू, तुमची नावं कळली नाहीत. मनापासून आभार, त्या वेटरदादांचेही. सदाशिव पेठेत आमच्याकडे जेवायला नक्की या, आई वाट बघतेय.