मामा, तुम्ही सोडून दिलं नाहीत म्हणून

मामांस, सप्रेम नमस्कार.

हे वाचून तुम्ही "वैनी, कशाला एवढं" म्हणून हात झटकणार, ठाऊक आहे. तरी लिहिते. तुमचं नाव, स्टॉप, रिक्षाचा नंबर यातलं काही सांगत नाही. पण आभार चारचौघांत मानायचेत, कारण त्या आठवड्यात आम्हाला सल्लेही चारचौघांतच मिळाले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचा धाकटा नुकता दहावी झालेला. त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी रात्री स्टॉपवर लावलेल्या रिक्षाच्या हुडावर ब्लेड चालवलं, सीट फाडली. वैर नाही, भांडण नाही. एकानं मोबाइल धरला होता आणि रील करायची होती, बास. रिक्षा कुणाची हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. ती तुमची निघाली. कोल्हापुरात रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरतात, इथला रिक्षावाला स्वतःला शर्ट घेण्याआधी रिक्षाला नवं कव्हर घालतो. त्या गावात हे केलं.

मग सल्ले सुरू झाले. निम्मी गल्ली म्हणाली, "वय हाय, पोरं हायती, मामाच्या हातावर चार पैसं ठेवा आणि मिटवा." उरलेली म्हणाली, "फोडून काढा, पेठेतनं धिंड काढा, म्हंजी बाकीची सरळ हुतील." कान धरायला लावून माफीचा व्हिडिओ काढू या, अशीही एक टूम निघाली. रीलवर उतारा रीलचाच! कायद्यानं अठराच्या आतल्या पोराची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, पण व्हिडिओ काढणाऱ्यांना त्याचं काय. तुम्हीच त्यांना म्हणालात, "मोबाइलमुळंच ही वेळ आली, आता तुम्ही तरी तो खिशात घाला."

आणि तुम्ही चौकीत जाऊन तक्रार दिलीत. ती मागे घ्यावी म्हणून आमच्या ह्यांच्या ओळखीतल्या एका पुढाऱ्याच्या माणसानं फोन केला, तेव्हा तुम्ही दिलेलं उत्तर आमच्या घरात पाठ आहे: "पैसे घेणार की. पण पोराच्या हातनं घेणार."

पुढचं सगळं मला नवीन होतं. पोलीस म्हणजे कोठडी, अशीच माझी समजूत. बाल कल्याण पोलीस अधिकारी साध्या कपड्यांत आले, पोराशी आमच्यासमोर बोलले. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. असल्या किरकोळ प्रकारात सहसा गुन्हा दाखल न करता डायरीत नोंद होते आणि घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. मे २०२४ मधल्या पुण्याच्या पोर्श प्रकरणापासून लोकांना मंडळ म्हटलं की ३०० शब्दांचा निबंधच आठवतो. तिथं दोन जीव गेले होते, तो राग मला कळतो. पण त्याच कायद्यात समुपदेशन आहे, समाजसेवा आहे, आईबापांना दंड आहे. आमच्या पोराला समुपदेशन आणि देखरेखीखाली काम मिळालं. काम कुठलं, हे तुम्ही सुचवलंत.

त्याचे तपशील त्यानं एका दमात सांगितले नाहीत. मी भाकऱ्या थापताना मागं येऊन उभा राहायचा आणि तुकड्यातुकड्यानं बोलायचा. रिक्षा हूड शिवायला टाकली होती, त्यामुळे तुमची शाळेची वर्दी, म्हणजे पोरांना शाळेत न्यायची-आणायची फेरी, बंद. तुम्ही त्याला पायी घेऊन वर्दीतल्या प्रत्येक पोराच्या दारात उभं केलंत आणि स्वतः मागं थांबलात. बोलायचं त्यानं. पहिल्या दारात शब्द फुटेना. दुसऱ्या घरातल्या आजींनी, "आता सुनेनं कामावर खाडा करून नातीला सोडायचं व्हय रं?" असं विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभ्याच राहिल्या. पुढच्या घरी पहिलीतली पोरगी होती. तिनं एवढंच विचारलं, "दादा, ब्लेड कुठनं आणलंस?" तो मला म्हणाला, "आई, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिला काय सांगू? दुकानातनं, म्हणालो."

मग कुशनवाल्याकडे. कारागिरानं त्याला मशीनला हात लावू दिला नाही, जुनी शिलाई उसवायला बसवलं. नवं रेक्झिन ताणून धरायचं, सुरकुती पडली की पुन्हा. संध्याकाळी बोटं लाल करून आला आणि मुकाट्यानं जेवला.

समुपदेशक ताईंनी आम्हाला २००५ मधल्या एका अमेरिकन अभ्यासाबद्दल सांगितलं. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ दिला, तर किशोरवयीन मुलं एकटी असताना जेवढा धोका पत्करत होती त्यापेक्षा कितीतरी जास्त धोका दोस्तांसमोर पत्करत होती. मोठ्या माणसांत मात्र असा फरक जवळजवळ दिसला नाही. मला लगेच तो मोबाइल धरणारा आठवला. बघणारं कोणी नसतं तर आमचा पठ्ठ्या त्या रिक्षाजवळ थांबलाही नसता. धिंड काढली असती तर त्याला आणखी बघणारे मिळाले असते, एवढंच. तुम्ही बघणारे बदललेत. हूड चढल्यावर तुम्ही त्याला सकाळच्या वर्दीवर घेतलंत: दप्तरं अडकवायची, धाकट्यांना हात धरून गेटपर्यंत सोडायचं. एका आईनं "तो पोरगा माझ्या लेकराला हात लावणार नाही" म्हणून सांगितलं. तिचं काही चुकलं नाही. त्या घरी तुम्ही स्वतः उतरता, तिला समजवायला जात नाही, हेही मी बघते.

दरवर्षी २६ जूनला आपण दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालतो. ज्या फासेपारध्यांवर चोर म्हणून शिक्का होता, त्यांची रोजची हजेरी महाराजांनी बंद केली आणि त्यांनाच राखणदारीला नेमलं. शाळेत न पाठवलेल्या पोराचा दंड, महिना एक रुपया, त्यांनी बसवला पालकांवर. त्या गावात पोरांना तुडवा म्हणणारे एवढे निघावेत! आणि त्यातलेच काही दहावीतल्या लेकाला राजारामपुरीत क्लासला जायला ॲक्टिव्हाची किल्ली देतात. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. असो, विषय वेगळा आहे. वेगळा नाहीही.

आमचा पोरगा सुधारला, असं लिहायला मी हे पत्र घेतलेलं नाही. तोंड अजून तसंच आहे. परवा रंकाळ्यावर त्याच टोळक्यात उभा दिसला. मोबाइल धरणाऱ्याला घरच्यांनी रातोरात आजोळी पाठवलं. तो कुणाच्या दारात उभा राहिला नाही, त्याचं पुढं काय होणार याची मला आमच्या पोरापेक्षा जास्त धास्ती वाटते. पण पहाटे पेपर टाकून आमचा तसाच वर्दीला येतो, ठरलेली मुदत संपून गेली तरी येतो. का येतोस म्हणून मी विचारलेलं नाही, तुम्हीही विचारू नका.

हुडाचा शेवटचा हप्ता तो एक तारखेला आणून देईल. रक्कम कमी असेल तर घेऊ नका, परत पाठवा. आणि येत्या रविवारी मामींना घेऊन जेवायला या, तांबडा-पांढरा करणार आहे. भांडी तोच घासणार आहे, त्याला अजून सांगितलेलं नाही.

तुमची,
धाकट्याची आई