सेटिंगच्या फाइली परत लिहिताना टिपा पुसू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंदुरात आपली मराठी मुलं हल्ली भरपूर कोडिंग शिकतायत, छानच आहे, पण सेटिंगची फाइल वाचायला सगळ्यांना येते आणि तीच फाइल परत नीट लिहायची कशी हे मला भेटलेल्या मुलांना कोणी शिकवलेलंच नसतं, म्हणून हे पत्र.

आमच्या भागातल्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचा छोटासा प्रोग्राम आहे, कॉलेजच्या मुलांनी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत करून दिलेला. दंड किती, पुस्तक किती दिवस, सगळं एका आयएनआय फाइलीत, म्हणजे सेटिंग लिहायच्या साध्या मजकुराच्या फाइलीत. तिथल्या काकूंनी त्या फाइलीत हॅश (#) टाकून, म्हणजे प्रोग्राम दुर्लक्ष करेल अशा टिपा म्हणून, मराठीत कारणं लिहून ठेवली होती, जसं की ‘दिवाळी अंक ७ दिवसच, मागे नंबर लागलेले असतात’. एक दिवस कोणीतरी स्क्रीनवरून दंडाचा आकडा बदलून सेव्ह केलं. आकडा बरोबर बदलला, पण काकूंच्या टिपा सगळ्या गायब! बटण दाबणाऱ्याचा ह्यात काही दोष नाही हो, अशा फाइली वाचणारं-लिहिणारं पायथनचं कॉन्फिगपार्सर वाचतानाच टिपा सोडून देतं, मग परत लिहिणार कुठून.

सेटिंगसाठी जेसन हा फाइलीचा दुसरा प्रकार घ्या म्हणाल तर त्यात टिपा लिहायची सोयच नाही, शिवाय पायथन जेसन लिहिताना मराठी अक्षरं तशीच ठेवत नाही, ‘श’च्या जागी बॅकस्लॅश, यू आणि ०९३६ असं येतं, एन्शुअर-आस्की हा पर्याय बंद केला तरच मराठी दिसतं. यामल या तिसऱ्या प्रकारात पावती नंबर अवतरणाशिवाय ०४५० लिहिला तर यामल वाचायला पायथनमध्ये नेहमी वापरतात ते पायवायएमएल तो अष्टमान (दहाऐवजी आठच्या पायावरचा आकडा) समजून २९६ वाचतं, म्हणजे हिशोबाचा पार घोळ. मला स्वतःला टॉम प्रेस्टन-वर्नरने २०१३ मध्ये काढलेलं टॉमल, हाही सेटिंगच्या फाइलीचाच प्रकार, बरं वाटतं, पायथन ३.११ पासून म्हणजे २०२२ पासून त्याचं टॉमललिब आयतं मिळतं, पण ते नुसतं वाचतं, लिहीत नाही. टिपा जशाच्या तशा ठेवून लिहायचं तर टॉमलकिट ही छोटी लायब्ररी (म्हणजे प्रोग्रामला जोडायचा तयार कोड) वेगळी टाकावी लागते. यामलच हवं असेल तर रुआमेल ही लायब्ररी.

आणि विंडोजवर फाइल उघडताना यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) सांगायला विसरलात तर मराठी लिहिताना प्रोग्राम मध्येच अडकू शकतो, तोवर जुनी फाइल रिकामी झालेली असते. म्हणून आधी दुसऱ्या नावाने लिहायचं, पूर्ण झालं की मग जुनीच्या जागी ठेवायचं.

क्लासवाल्यांना आणि मुलांना कळकळीची विनंती, कुठल्या मंडळाला किंवा दुकानाला प्रोग्राम देण्याआधी एवढं करून बघा: खरी फाइल वाचा, काहीही न बदलता परत लिहा आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघा. टीप गेली किंवा अक्षर बदललं तर ती लायब्ररी तिथे वापरू नका.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर