पाळणाघरासाठी मदतनीस शोधणाऱ्या मैत्रिणीला

प्रिय सखे,

तुझं पत्र मिळालं. मदतनीस ठेवायचं तू ठरवलंस हे वाचून फार बरं वाटलं. एकटीने एवढी मुलं सांभाळताना तुझी किती ओढाताण होते, ते फोनवर तुझ्या आवाजातूनच कळतं. त्यात आता तान्ही बाळंही यायला लागली आहेत. एकाचं डायपर बदलताना दुसऱ्याकडे कोण बघणार, हा प्रश्न आज ना उद्या सोडवायलाच हवा होता.

पण पत्राच्या शेवटी तू सहज लिहून गेलीस, "ओळखीतून एकीचं नाव आलंय, मायाळू वाटते, सोमवारपासून बोलावते." त्या वाक्याशी मी अडले. ती बाई वाईट असेल असं मला अजिबात सुचवायचं नाही. कदाचित फार चांगलीही असेल. पण माणसं पारखण्यात तुझा अंदाज चुकला तरी मुलांना धक्का लागणार नाही, अशी व्यवस्था आधी घरात हवी आणि मग माणूस यावं. क्रम उलटा झाला की सगळा भार तुझ्या अंदाजावर येतो, आणि मुलांच्या बाबतीत तेवढं पुरत नाही.

म्हणून पहिली विनंती: सोमवार विसर. घाईत नेमलेल्या माणसाची चौकशी नेहमी अर्धवट राहते, कारण आपल्याला मनातून उत्तर "चांगली आहे" असंच हवं असतं. थोडे दिवस एखाद-दुसरं मूल कमी घे, पालकांना स्पष्ट सांग, पण जागा भरायची म्हणून भरू नकोस.

ओळखीतून आलेली व्यक्ती असली तरी सगळे टप्पे तेच ठेव. लहान मुलांना त्रास देणारे बहुतेक वेळा अनोळखी नसतात, घरच्यांच्या विश्वासातलेच असतात. नाव सुचवणाऱ्याने त्या बाईला लग्नाकार्यात पाहिलेलं असतं, भर दुपारी चार रडत्या मुलांमध्ये पाहिलेलं नसतं. "मी सगळ्यांनाच हे विचारते" एवढं म्हटलं की कुणी दुखावत नाही. आणि विचारल्याचा रागच आला, तर तेही तुला आधीच कळलं.

जाहिरात दिलीस तर त्यात घराचा पत्ता आणि मुलांचे फोटो नकोत. पहिली भेट मुलं घरात नसताना किंवा बाहेर घे. ओळखपत्र मूळ प्रत मागून बघ, सगळ्या कागदांवर नाव एकच आहे का ते बघ, आणि आधी वेगळं नाव किंवा आडनाव होतं का हेही विचार. मागच्या वर्षांचा सलग हिशेब माग: कुठे काम केलं, केव्हा सोडलं, मध्ये काय केलं. मध्ये रिकामी वर्षं असणं हा दोष नाही. आजारपण असतं, बाळंतपण असतं, घरातल्या म्हाताऱ्यांचं करणं असतं. पण त्या वर्षांबद्दल विचारलं की साधं, सरळ उत्तर यायला हवं.

पोलिसांकडची पडताळणी तुझ्या भागात ज्या पद्धतीने होते तशी जरूर करून घे. दाखला हातात आल्याशिवाय कामाला सुरुवात नको. पण तो कागद आला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. त्यात नोंद झालेल्या गोष्टी असतात, नोंद न झालेल्या नसतात. इंग्लंडमध्ये 2002 साली सोहॅम गावात दहा वर्षांच्या दोन मुलींची हत्या झाली. मारेकरी तिथल्या एका शाळेत केअरटेकर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा कर्मचारी होता. दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध आधीच अनेक तक्रारी आल्या होत्या, पण त्यात तो दोषी ठरलेला नव्हता, आणि ती माहिती नोकरी देणाऱ्यांपर्यंत पोचलीच नाही. मायकल बिचर्ड यांच्या चौकशी अहवालाने 2004 मध्ये हे सगळं उघड केलं आणि त्यानंतर तिथली पडताळणीची पद्धत बदलली. एवढी यंत्रणा असलेल्या ठिकाणी जे निसटलं ते कुठेही निसटू शकतं. म्हणून कागदाच्या जोडीला माणसांशी बोलणं हवंच.

याबाबतीत मी फार आग्रही आहे. "ज्याच्याशी संबंधित असेल त्यांस" अशी चिठ्ठी कुणी आणली तर ठेवून घे, पण तिच्यावर निर्णय घेऊ नकोस. आधी जिथे काम केलं तिथे स्वतः फोन कर. नंबरही शक्य तर स्वतः शोधून काढ, दिलेला नंबर बहिणीचाही असू शकतो. "कशी होती?" असं विचारलंस तर "चांगली होती" यापलीकडे काही मिळणार नाही. नेमकं विचार. किती वयाची मुलं होती तिच्याकडे? मुलांसोबत एकटी असायची का? मूल ऐकत नसेल तर काय करायची? काम का सोडलं? आणि शेवटी, "पुन्हा संधी आली तर तिला घ्याल का?" हे विचारून गप्प राहा. मी असा फोन करते तेव्हा माझं सगळं लक्ष या शेवटच्या प्रश्नावर असतं. कुणी ताबडतोब "हो, आजच पाठवा" म्हणतं. कुणी आधी थांबतं, घसा खाकरतं, मग म्हणतं, "तशी... कामाला चांगली आहे." त्या "तशी"नंतरच्या थांबण्यात पुष्कळ काही असतं. तिथे घाईने आभार मानून फोन ठेवायचा नाही. "मोकळेपणाने सांगा, मुलांचा प्रश्न आहे," असं म्हणायचं. बहुतेक लोक मग बोलतात.

मुलाखतीत "मुलं आवडतात का?" हा प्रश्न विचारू नकोस, नाही कोण म्हणेल? प्रसंग समोर ठेव. दोन बाळं एकदम रडतायत आणि तिसऱ्याने चौथ्याला चावा घेतलाय, आधी काय करशील? एखाद्या मुलाचा फार राग आला होता असा प्रसंग सांग, तेव्हा काय केलंस? "मला मुलांचा कधीच राग येत नाही" असं म्हणणारीची मला जास्त काळजी वाटते. राग प्रत्येकाला येतो. "बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून दोन मिनिटं बाजूला झाले, मग परत आले" असं सांगणारी बाई मला हवी, कारण न थांबणाऱ्या रडण्याने वैतागून बाळाला गदागदा हलवलं तर काही सेकंदांतच त्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. हे तिला माहीत आहे का, ते विचारच.

मग एक चाचणीची सकाळ ठेव. त्या वेळेचे पैसे दे, पालकांना आधी सांगून ठेव, आणि तिला मुलांजवळ एक क्षणही एकटी सोडू नकोस. तू तुझं काम करत राहा आणि तिच्या हातांकडे बघ. डायपर बदलताना मागे ठेवलेला कपडा घ्यायला वळली तर बाळावर एक हात राहतो का? बाळाला उचलण्याआधी त्याला दिसेल अशी समोर येते का, की पाठीमागून एकदम उचलते? कामाआधी आणि नंतर हात साबणाने नीट, किमान वीस सेकंद धुते का, की नुसते ओले करते? आई निघून गेल्यावर रडणाऱ्या मुलाशेजारी जमिनीवर बसते का? "रडू नको, बघ बाकीचे हसतायत" म्हणणारी आणि "आई गेली म्हणून वाईट वाटतंय ना" म्हणणारी, यात फार फरक आहे. फोन किती वेळा हातात येतो तेही बघ.

प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलं तरी बाहुली पुढे ठेवून करून दाखवायला सांग. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकलं आणि त्याला रडता-खोकता येत नसेल, तर त्याला हातावर पालथं, डोकं खाली करून धरायचं, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्यायच्या, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब द्यायचे, आणि अडकलेलं निघेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करायचं. मोठ्या मुलासारखं पोट दाबायचं नाही, तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही. एकीकडे दुसऱ्याने मदतीसाठी फोन लावायचा, आणि बाळ निपचित पडलं तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं. हे येत नसेल तर नाकारू नकोस, शिकवून घे. पण शिकून होईपर्यंत बाळांची जबाबदारी तिच्यावर नको.

झोपेचंही तसंच. पुष्कळ अनुभवी बायका बाळाला पालथं झोपवतात, कारण त्यांनी स्वतःची मुलं तशीच वाढवलेली असतात. अमेरिकेत 1994 पासून बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत झोपेतल्या अचानक बाळमृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. म्हणून वर्षाच्या आतलं बाळ प्रत्येक झोपेला पाठीवर, घट्ट सपाट गादीवर, उशी-दुलई-खेळण्यांशिवाय. अनुभव कितीही असो, इथे तुझाच नियम चालेल हे पहिल्याच दिवशी सांग. आणि कधी मोडलेला दिसला तर दुर्लक्ष करू नकोस.

आता घराची व्यवस्था, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. पहिले काही आठवडे ती मुलांसोबत एकटी नसेल. नंतरही कुणीही मोठं माणूस मुलाला घेऊन बंद दाराआड जाणार नाही. डायपरची जागा मोकळ्या खोलीत, दोघींना दिसेल अशी. शौचालयाला न्यायचं तर दार उघडं ठेवायचं आणि दुसरीला सांगून जायचं. मुलांचे फोटो तिच्या फोनवर निघणार नाहीत. औषध फक्त तू देशील, तेही पालकांनी लिहून दिलं असेल तरच. मूल घ्यायला यादीतलं माणूस आलं तरच सोडायचं, ओळखीचा काका असला तरी आधी पालकांना फोन. हे सगळे नियम तुलाही लागू, आणि तुझ्या घरात वावरणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसालाही. मग मदतनिसाला आपल्यावर पहारा आहे असं वाटत नाही. उलट उद्या कुणी खोटा आरोप केला तर हीच व्यवस्था तिलाही वाचवेल.

तिच्या बाजूचाही विचार कर, हे मी फार मनापासून सांगते. काम काय, वेळ किती, पगार किती आणि कधी, सुट्टी, आजारी पडल्यास काय, कोणत्या गोष्टीला लगेच काम बंद, हे सगळं लिहून दोघींच्या सह्या कर. तिला बसून जेवायला वेळ मिळायला हवा. दिवसभर उभी, उपाशी आणि पगाराच्या चिंतेतली बाई कितीही प्रेमळ असली तरी तिचं लक्ष सुटणारच, आणि रांगणाऱ्या बाळाला बटन सेल (घड्याळात, खेळण्यांत असतो तो छोटा चपटा सेल) तोंडात घालायला क्षणभर पुरतो. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतं. लसीकरण आणि आरोग्य तपासणीचा खर्च तू कर. डांग्या खोकला मोठ्यांना साध्या खोकल्यासारखा वाटतो, तान्ह्या बाळाला मात्र जिवावर बेततो. आणि विमा कंपनीला विचारून घे, घराच्या साध्या विम्यात घरातला व्यवसाय आणि कामाला ठेवलेलं माणूस बहुतेक वेळा धरलेलं नसतं. एका मोठ्या माणसामागे किती मुलं चालतात याचे तुझ्या भागातले नियमही बघ. मदतनीस आली म्हणून लगेच मुलांची संख्या वाढवू नकोस, निदान ती रुळेपर्यंत तरी.

पालकांना तिच्या पहिल्या दिवसाआधी कळव आणि शक्य तर भेट घडवून आण. कधीही न सांगता यायची मुभा त्यांना आहे असंही सांग. न सांगता आलेल्या आईला दारात ताटकळवणारं पाळणाघर मला चालत नाही.

एक अवघड गोष्ट राहिली. कधी एखादं मूल काही बोललं, तिच्याजवळ जायला एकाएकी घाबरू लागलं, किंवा कशाने झाला ते सांगता येत नाही असा वळ दिसला, तर "ती असं करणारच नाही" हे वाक्य मनात येऊ देऊ नकोस. मुलाचं शांतपणे ऐक, आपल्याकडून शब्द पुरवू नकोस, ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत तारीख-वेळेसह लिहून ठेव. तिला त्याच क्षणी मुलांपासून दूर कर, पालकांना सांग, आणि तपास ज्यांचं काम आहे त्यांच्याकडे जा. स्वतः उलटतपासणी घेऊ नकोस. त्याने मूलही बावरतं आणि पुढची चौकशीही बिघडते.

तर आता असं कर: त्या बाईंना फोन करून सांग की सोमवारी कामाला नाही, बोलायला या. त्यांच्या आधीच्या दोन ठिकाणांचे नंबर मिळव. कराराचा मसुदा केलास की मला पाठव, मी माझा काढून ठेवते, त्यातलं हवं ते घे. आणि चाचणीच्या सकाळी बाळांकडे बघायला आणखी दोन हात हवे असतील तर मी येते. तारीख तेवढी आधी कळव, म्हणजे माझ्याकडच्या पालकांना सांगता येईल.

तुझीच,
मैत्रीण