घडणावळ

लंडन

प्रिय मित्रा,

तुझ्या दोन पत्रांना हे एकच उत्तर, पण लांबलचक. रागावू नकोस.

काल व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जुनी चांदीची भांडी पाहायला गेलो आणि एका मीठदाणीपाशीच अडकलो. मीठदाणी म्हणजे अख्खं गलबत रे! ‘बर्ली नेफ’ म्हणतात तिला. पॅरिसमध्ये 1527-28 साली घडवलेली, उंची दीडेक वीत. गलबताचं पोट म्हणजे नॉटिलस नावाच्या समुद्री जीवाचा खराखुरा शंख, तो एका जलपरीनं तोललाय. वर शिडं, दोरखंड, सगळं चांदीचं, जागोजागी सोन्याचा मुलामा. मुख्य डोलकाठीच्या बुडाशी ट्रिस्टन आणि इझोल्ड, जुन्या युरोपीय दंतकथेतलं प्रेमी जोडपं, बुद्धिबळ खेळत बसलेत! आणि एवढा सगळा थाट चिमूटभर मिठासाठी. तेव्हा मीठ कुणाजवळ मांडलं, यावरून पंगतीतला मान कळायचा. गंमत म्हणजे मीठच चांदीला खातं. म्हणून मीठदाण्यांना आतून सोन्याचा मुलामा देत.

बाकी भांड्यांचा वैरी हवेतला गंधक. त्यानं चांदी काळवंडते, आणि काळेपणा घासून काढावा तर दरवेळी थोडी चांदीही जाते. जुनी नक्षी बोथट दिसते ती त्यामुळे.

पण खरी भीती मुशीची, म्हणजे धातू वितळवण्याच्या भांड्याची. चांदीचं भांडं म्हणजे टेबलावर मांडलेली शिल्लकच. अडचण आली की आटव. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं 1689 मध्ये युद्धाच्या खर्चापायी व्हर्सायच्या राजवाड्यातलं चांदीचं सामान आटवलं, सुमारे 20 टन! धातूचे पैसे झाले, घडणावळ गेली ती गेलीच. इंग्लंडात उलटी तऱ्हा: लोक नाण्यांच्या कडा कातरून, नाणी वितळवून भांडी करवून घ्यायचे. शेवटी 1697 मध्ये भांड्यांच्या चांदीचा कस 92.5 वरून 95.84 टक्के केला, म्हणजे नाण्यांची 92.5 टक्क्यांची चांदी सरळ भांड्यात घालता येईना. 1720 पासून जुना कसही पुन्हा चालू झाला. त्या मधल्या वर्षांतल्या भांड्यावर कस सांगणाऱ्या चालत्या सिंहाऐवजी बसलेल्या ब्रिटानियाचा, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीचा, ठसा असतो. हे कळल्यापासून मी भांडी सोडून ठसेच शोधत फिरलो.

लंडनचा नावाजलेला चांदीकाम करणारा पॉल द लामेरी, त्याचं 1743 चं टेबलाच्या मधोमध मांडायचं भलंमोठं पात्रही पाहिलं. जाणकार वाखाणतात. कारागिरी अफाट, पण मला त्यात डोळा ठरायला जागाच मिळाली नाही.

निघताना पुन्हा गलबतापाशी गेलो. काचेला नाक लावून त्या दोघांचा पट न्याहाळत होतो, तेवढ्यात पहारेकरी खाकरला. फोटो जरा हललाय, तरी सोबत पाठवतोय. भिंग घेऊन बघ आणि चाल कुणाची आहे ते कळव.

तुझ्याकडून कायम हरणारा,
मीच