प्रोब स्टेशनवरच्या काकांना, उघड आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, पण प्रोब स्टेशनवरच्या, म्हणजे सुया टेकवून डिव्हाइस मोजायच्या टेबलावरच्या, तुमच्या कामाबद्दल कुणी फारसं बोललं नाही. ते इथे लिहितो. उघड लिहितो, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचे मेमरिस्टर (आधी वाहून गेलेल्या करंटची आठवण रोधात ठेवणारे घटक) करणाऱ्या इतर मुलामुलींनाही त्याचा उपयोग होईल.

1971 साली लिऑन चुआ यांनी मेमरिस्टर कागदावर मांडला आणि 2008 मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेने तो ऑक्साइडच्या पातळ थरात दाखवला, हे प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या पानावर असतं. सोर्समीटरच्या (व्होल्टेज देऊन करंट मोजणाऱ्या यंत्राच्या) कॉम्प्लायन्सवर, म्हणजे करंटच्या मर्यादेवर, किती विसंबायचं, हे सहसा नसतं. फॉर्मिंगच्या, म्हणजे नव्या डिव्हाइसला पहिल्यांदा व्होल्टेज देऊन चालू करण्याच्या, क्षणी ऑक्साइडमध्ये फिलामेंट (वीज वाहणारा बारीक धागा) जुळतं आणि रोध एकदम कोसळतो. मर्यादा 1 मिलिअँपिअरची लावली, तरी मीटरला ती अमलात आणायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात केबलमध्ये साठलेला चार्ज डिव्हाइसमधून वाहून जातो. दीड मीटर कोॲक्स केबल म्हणजे अंदाजे 150 पिकोफॅरड. 3 व्होल्टला 450 पिकोकूलोम. फिलामेंट नको तितकं जाड होतं, रीसेट होत नाही (रोध पुन्हा वाढत नाही), डिव्हाइस कायमचं शॉर्ट. मग दोष फिल्मवर जातो.

यावर तुमचा उपाय चार आण्यांचा: फॉर्मिंगपुरता 10 किलोओहमचा रेझिस्टर, आणि तोही प्रोबच्या सुईलगत. मीटरच्या तोंडाशी लावला, तर चार्ज धरणारी केबल रेझिस्टरच्या पलीकडे, डिव्हाइसच्या बाजूलाच राहते आणि काही साधत नाही. फॉर्मिंग झालं की 1 किलोओहमवर यायचं, कारण रीसेटला करंट लागतो आणि मोठा रेझिस्टर व्होल्टेज स्वतःच खाऊन टाकतो. आलेख काढताना रेझिस्टरवर पडलेलं व्होल्टेज वजा करायचं. हे वजा न केल्यामुळे फुगलेले रीसेट व्होल्टेजचे आकडे छापील निबंधांतही दिसतात, असं आमचं मत आहे.

सुईचंही तसंच. टंगस्टनची टोकदार सुई चांदीचा ठिपका आणि खालचा ऑक्साइड दोन्ही भेदून थेट तळाच्या इलेक्ट्रोडला टेकते, आणि सरळ रेषेचा आलेख येतो. ठिपक्यावर मऊ सोन्याची तार टेकवा, हा तुमचा सल्ला आता भिंतीवर लावला आहे. शेजारी दुसरा: लूप (व्होल्टेज वर-खाली नेताना करंटच्या आलेखात पडणारा फास) शून्यातून जात नसेल तर ‘मेमरिस्टर’ म्हणण्याआधी व्होल्टेजचा स्वीप हळू करून बघा. शून्यापासूनचं अंतर कमी झालं तर ती कपॅसिटन्सची करामत. झालं नाही, तर आतल्या आत छोटी बॅटरी तयार झालेली असू शकते.

फिल्मबद्दल थोडक्यात. काच एफटीओचीच (फ्लोरीन मिसळलेल्या टिन ऑक्साइडच्या वाहक थराची) घ्यायची, कारण 450 अंशांच्या भट्टीत आयटीओचा (इंडियम टिन ऑक्साइडच्या थराचा) रोध वाढतो. एका कडेला 5 मिलिमीटर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) लावून तळाच्या संपर्काची जागा राखायची. टेप भट्टीत न्यायची नाही, स्पिन कोटिंग (काच गरगर फिरवून द्रावण पसरवणं) झालं की सोलायची. भट्टीचं दार घाईने उघडलं तर फिल्मला तडे जातात. पावसाळ्यात द्रावणातलं टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड हवेतल्या ओलाव्यानेच दुधाळ होतं, म्हणून आधी ॲसिटिलॲसिटोन घालायचं आणि पाणी शेवटी, थेंबाथेंबाने. नोंदवहीत आर्द्रतेचा रकाना तुम्ही आखायला लावलात. सच्छिद्र फिल्ममध्ये शिरलेलं पाणी आयनांना वाट करून देतं. जुलैत झकास चालणारं डिव्हाइस निर्वातात गप्प बसतं, याचं कारण त्या रकान्यात सापडतं.

पण सर्वांत मोठे आभार ‘सिनॅप्स’ (दोन चेतापेशींमधली जोडणी, जिचं काम मेमरिस्टर करतो असं म्हटलं जातं) या शब्दाला तुम्ही लावलेल्या चाळणीबद्दल. लूप आला म्हणजे सिनॅप्स झाला, हे तुम्हाला कधीच पटलं नाही. सारख्याच उंचीच्या आणि रुंदीच्या 50 पल्स द्या, प्रत्येक पल्सनंतर 0.1 व्होल्टला वाचा, मग उलट दिशेच्या 50 द्या. बहुतेक फिलामेंटवाल्या डिव्हाइसांत पहिल्या चार-पाच पल्समध्येच कंडक्टन्स (रोधाचा व्यस्त) उडी मारतो आणि पुढे सपाट होतो. सेटमध्ये (रोध खाली आणताना) करंट वाढला की उष्णता वाढते, उष्णतेने आयन आणखी पळतात, म्हणून ती उडी. पल्सची उंची पायरीपायरीने वाढवली की वक्र सरळ दिसतो, पण मग प्रत्येक वेळी आधी वाचून पुढची पल्स ठरवणारं सर्किट बाहेर लागतं. कोणती पद्धत वापरली ते आकृतीखाली लिहाच, हा तुमचा हट्ट योग्यच होता.

एसटीडीपीचंही, म्हणजे चेतापेशींच्या स्पाइकच्या (विजेच्या ठोक्यांच्या) वेळेनुसार जोडणी बदलण्याचंही, तेच. 1998 मध्ये बी आणि पू यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींत दोन स्पाइकमधल्या वेळेवर जोडणी घट्ट किंवा सैल होते हे मोजलं. मेमरिस्टरवर तो सुंदर वक्र पुष्कळदा आपणच रचलेल्या दोन पल्सच्या आकारांतून येतो. त्या एकमेकींवर चढल्या की बेरीज थ्रेशोल्ड ओलांडते. डिव्हाइसला स्वतःला वेळ कळते असं त्यातून सिद्ध होत नाही. साध्या, न चढणाऱ्या पल्स देऊन पडताळा, असं तुम्ही प्रत्येक बॅचला सांगितलंत.

क्रॉसबारकडे (उभ्या-आडव्या तारांच्या प्रत्येक छेदावर मेमरिस्टर असलेल्या जाळ्याकडे) धावणाऱ्यांना तुम्ही आधी 2×2 करायला लावलंत. तीन शेजारी 1 किलोओहमवर, चौथा 100 किलोओहमवर. शेजारच्या रेषा मोकळ्या ठेवून चौथा वाचला, तर तिघांच्या चोरवाटेमुळे मीटर सुमारे 2.9 किलोओहम दाखवतो. न निवडलेल्या रेषा जमिनीला जोडल्या की आकडा सुधारतो. मोठ्या जाळ्यात मात्र प्रत्येक मेमरिस्टरला सोबत ट्रान्झिस्टर किंवा तसाच निवड करणारा घटक देण्याशिवाय सहसा सोय नाही.

तुमच्या तक्त्याचा पहिला रकाना, ‘एकूण किती केले, किती चालले’, आम्ही जसाच्या तसा ठेवला आहे. प्रबंधात तो परिशिष्टात ढकलायचा नाही असंही ठरलं आहे. 10 किलोओहमचे रेझिस्टर तुमच्याच डब्यात आहेत. संपत आले की कुठल्या दुकानातून आणायचे तेवढं फोनवर सांगा.

आपले,
थिन फिल्म प्रयोगशाळेतले विद्यार्थी