हिंगोलीचे 2600 कोटी आणि वाशीची मिरचीपूड

वाशी, नवी मुंबई

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हिंगोलीच्या लायगो प्रकल्पाला केंद्राने 2023 मध्ये 2600 कोटी मंजूर केले. तिथे गुरुत्वलहरी, म्हणजे दूरच्या ताऱ्यांच्या टकरींसारख्या घटनांतून उठणारे अवकाशाचे सूक्ष्म तरंग, मोजून सामान्य माणसाच्या हाती काय लागणार, असं तुम्ही विचारलंत. पैसा करदात्यांचा आहे, तेव्हा विचारायलाच हवं. मी उत्तर वाशीतून देते.

जंतू मारण्यासाठी मसाल्यांवर गॅमा किरणांची प्रक्रिया करणारं अणुऊर्जा विभागाचं केंद्र इथे 2000 सालापासून आहे. किरण येतात कोबाल्ट-60 मधून. साधा कोबाल्ट अणुभट्टीत न्यूट्रॉन या अणूतल्या कणांच्या माऱ्यात दीर्घकाळ ठेवला की तो तयार होतो. त्याच्या सीलबंद कांड्या एरवी खोल पाण्याच्या टाकीत असतात. काम सुरू झालं की त्या वर येतात आणि जाड काँक्रीटच्या भिंतींआड मालाची खोकी त्यांच्याभोवती फिरतात. कडेच्या मालाला किरणांची मात्रा जास्त मिळते, मधल्याला कमी. म्हणून दोन्ही ठिकाणी मात्रामापक लावून खात्री करतात. कोबाल्ट-60 चा अर्धायुकाल, म्हणजे जोर निम्मा व्हायला लागणारा काळ, 5.27 वर्षं; त्यामुळे जोर महिन्याला साधारण 1 टक्क्याने उतरतो. त्या हिशेबाने माल जास्त वेळ ठेवला नाही, तर मधल्या भागातले जंतू जिवंत राहतात.

मसाल्यांना 6 ते 14 किलोग्रे लागतात. (ग्रे हे मालात शोषलेल्या किरणांचं माप, किलोग्रे म्हणजे 1000 ग्रे.) अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला फळातल्या किडीसाठी किमान 400 ग्रे. ती निर्यात 2007 मध्ये सुरू झाली. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून 60 ते 90 ग्रे पुरतात, पण काढणीनंतर कांदा नीट वाळवून, आतला कोंब जागा होण्याआधीच ते द्यावे लागतात. उशीर झाला तर खर्च वाया. दबलेला कांदा तर किरण देऊनही सडतोच. स्वस्त कांद्याला हा खर्च दर वेळी परवडत नाही, मसाल्याला आणि हापूसला परवडतो, असं माझं मत आहे.

आई, या किरणांनी मिरचीपूड किरणोत्सारी होत नाही. अन्नातल्या अणुकेंद्रांत तसा बदल घडवण्याइतकी त्यांची ऊर्जाच नसते. मात्र बुरशीने आधीच सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष याने जात नाही. त्यामुळे कोंदट वासाची मिरची कुठूनही आली तरी घेऊ नकोस. पाकीट फोडल्यावर ओला चमचा घातलास तर नवे जंतू शिरतीलच.

बाबा, चॅडविक या शास्त्रज्ञाने न्यूट्रॉन शोधला 1932 मध्ये. फर्मी हे दुसरे शास्त्रज्ञ 1934 मध्ये एकेका मूलद्रव्यावर न्यूट्रॉन सोडून काय होतं ते पाहत होते. तेव्हा हापूस कोणाच्याच मनात नव्हता. आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बेला अप्सरा अणुभट्टी 1956 मध्ये चालू झाली, तीही सरकारी पैशाने. इतकी वर्षं परताव्याची वाट पाहणारा व्यापारी मिळत नाही, म्हणून हा भार सरकारने उचलायचा.

हिंगोलीतून नेमकं काय निघेल, याचं वचन देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पण 4-4 किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये जवळजवळ पूर्ण निर्वात ठेवायचं, लेझर स्थिर ठेवायचा आणि आरशांपर्यंत जमिनीची थरथर पोचू द्यायची नाही, ही कामं आपल्या कारखान्यांना आणि पोरांना शिकावी लागतील. त्यातली किती इथे होतात आणि किती आयात होतात, हा हिशेब सरकारला जरूर मागा. गुरुत्वलहरींचा उपयोग काय, याचं उत्तर मात्र आत्ताच मागू नका.

तुमची,
मनू